डोरीनबाईंची लिव्हर रायफल

एडमंटनमध्ये मी बंदुका विकायचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा माझ्या पानात मोदक वाढायला वाकलेल्या बाई तशाच वाकलेल्या राहिल्या. नागपूरला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काहून वं, तिथं दुसरं काम नाही भेटलं का तुले?" शेजारीपाजारी तिने शेवटपर्यंत एकच सांगितलं, आमची सुनीता खेळाच्या सामानाच्या दुकानात आहे. ते खोटंही नव्हतं. दुकानात मासेमारीचे गळ होते, तंबू होते, बर्फात घालायचे बूट होते. आणि पार मागे, लांबलचक लाकडी काउंटरच्या पाठीमागच्या भिंतीवर, ओळीने उभ्या रायफली होत्या. त्या काउंटरवर इतकी वर्षं काढली की अजूनही कुणी हातात छत्री दिली तर मी आधी तिचं तोंड जमिनीकडे वळवते.

तिथे मी पोचले ती ध्यानीमनी नसताना. दोन हजार सालानंतर लगेचच मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथल्या तेल कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही नागपूर सोडलं. पहिला हिवाळा मी बेसमेंटमधल्या भाड्याच्या घरात खिडकीबाहेरचा बर्फ बघत काढला. दुसरा तसा काढायचा नाही असं ठरवून घराजवळच्या या दुकानात कॅशवर अप्लाय केलं. मालक वॉल्टर म्हणजे साठी उलटलेला, कमी बोलणारा, हाताला कायम तेलाचा वास असलेला माणूस. वर्षभराने बंदुकीच्या काउंटरवरचा त्याचा माणूस जास्त पगारावर उत्तरेला तेलाच्या कामावर निघून गेला आणि शिकारीचा सीझन तर तोंडावर आला. वॉल्टरने दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"सुनीता, तू लायसन्स का काढत नाहीस?"

मी हसले. तो हसला नाही. मग मी एका शाळेच्या हॉलमध्ये दाढीवाल्या धिप्पाड माणसांच्या रांगेत बसून सेफ्टी कोर्स केला आणि पास झाले. माझे बाबा नागपूरला इतवारीत शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. त्यामुळे लोखंड, स्प्रिंगा, तेल यांची मला कधी शिसारी नव्हती. उलट पहिल्यांदा वॉल्टरने माझ्यासमोर एक रायफल उघडून तिचे भाग फडक्यावर मांडले, तेव्हा मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आता लिव्हर रायफल म्हणजे काय, ते सांगते. अमेरिकन सिनेमात घोड्यावरून दौडणाऱ्या गुराख्यांच्या हातात जी असते, ती. चापाच्या खाली लोखंडाची एक मोठी कडी असते. एक गोळी झाडली की ती कडी पूर्ण खाली ओढायची. रिकामं काडतूस टणकन बाहेर उडतं, नवं काडतूस नळीखालच्या नळकांड्यातून वर उचललं जातं. कडी परत वर दाबली की ते नळीत बसतं. खाली-वर, बस. पण ही खाली-वर हालचाल पूर्ण झाली पाहिजे. अर्धवट केली तर काडतूस मधेच अडकतं आणि समोर अस्वल असेल तर ते काही आपल्यासाठी थांबत नाही.

आमच्याकडे अशा रायफली दोन प्रकारच्या असायच्या. एक महागडी. तिला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आठ कोनांची जाड नळी, आतला प्रत्येक भाग घासूनपुसून गुळगुळीत केलेला. कडी ओढली की लोण्यातून सुरी गेल्यासारखी जायची आणि शेवटी एक हलकासा आवाज व्हायचा. तो आवाज ऐकून मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी हसताना मी पाहिली आहेत. दुसरी स्वस्त. बर्चच्या लाकडाला रंग देऊन बनवलेला दस्ता, साधी गोल नळी आणि आत यंत्राने कापल्याच्या रेघा तशाच ठेवलेल्या. कडी ओढली की खरखर. किंमत मात्र महागडीच्या निम्म्याहूनही कमी. गोळी दोघींतून सारखीच जायची.

मग घ्यावी कोणती? हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला! महाराष्ट्र मंडळातले दोन सॉफ्टवेअरवाले एका शनिवारी आले, महागडी हातात घेतली आणि अर्धा तास तिच्या ग्रेनवर, म्हणजे लाकडातल्या रेषांवर, बोलले. मी उत्साहाने लायसन्स कसं काढायचं ते समजावून सांगितलं. शेवटी त्यातला एक हळूच म्हणाला, "ताई, घ्यायची नाहीये हो. एक फोटो काढू का फक्त?" दुसऱ्या एका गृहस्थांना ती दिवाणखान्यात फायरप्लेसवर लावायची होती आणि पडद्यांच्या रंगाला जुळेल अशी हवी होती. मी पडद्यांचा रंग विचारला. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

पण खरा प्रश्न काय असतो, ते मला डोरीनबाई आणि केन यांनी शिकवलं.

ऑगस्ट संपत आला होता, शनिवार होता, दुकान ओसंडून वाहत होतं. एक उंच, उन्हाने लाल झालेला माणूस गर्दीतून वाट काढत काउंटरशी आला. त्याच्यामागे ठेंगणी, पांढऱ्या केसांची, पुरुषी चौकड्यांचा शर्ट घातलेली बाई. सत्तरी केव्हाच ओलांडलेली.

"माझ्या आईला रायफल हवी आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडची सगळ्यात चांगली लिव्हर दाखवा."

"सगळ्यात स्वस्त," मागून आवाज आला.

"मॉम!"

"मला फर्निचर नकोय, केन. माझ्या घरात फर्निचर आहे."

मी दोन्ही रायफली काढून हिरव्या चटईवर शेजारी शेजारी ठेवल्या. बोलता बोलता हकीकत कळली. डोरीनबाई उत्तरेला एका तळ्याकाठी लाकडी घरात राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जवळचा शेजारी गाडीने अर्ध्या तासावर. नवऱ्याची जुनी रायफल इतकी झिजली होती की वॉल्टरनेच ती परत वापरू नका असं सांगितलं होतं. आणि त्या उन्हाळ्यात एक काळी अस्वलीण रोज अंगणात यायला लागली होती. तिने कोंबड्यांचं खुराडं मोडलं, मग एके दिवशी स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारावर पंजा मारला. केन तेव्हा कामावर होता. तीन आठवडे काम, एक आठवडा सुट्टी अशी त्याची नोकरी. फोनवर ते ऐकल्यापासून त्याला झोप नव्हती.

"एक तर मॉम बेस्ट रायफल घेईल आणि ती तिला नीट चालवता येते हे मला दाखवेल," केन मला म्हणाला, जणू मी न्यायाधीश होते, "नाहीतर या हिवाळ्याआधी शहरातल्या कॉन्डो फ्लॅटमध्ये येईल. मी एक बघून ठेवलाय. एलेव्हेटर आहे, खाली ग्रोसरी आहे."

"एलेव्हेटर," डोरीनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. जसं आपण 'तुरुंग' म्हणू, तसं.

म्हणजे दोन रायफलींमधून निवड करायला ती दोघं आलीच नव्हती. भांडण घराचं होतं आणि ते माझ्या चटईवर येऊन पडलं होतं. मला माझी आई आठवली. भावाकडे पुण्याला जायचं नाव काढलं की ती अशीच हनुवटी वर करायची.

मी म्हटलं, "तुम्ही दोघं उद्या रेंजवर या. वॉल्टरकडे या दोन्ही प्रकारच्या वापरलेल्या रायफली आहेत. चालवून बघा, मग बोला."

वॉल्टरने माझ्याकडे बघितलं. रविवार त्याचा मासे पकडायचा दिवस. पण तो मान हलवून आत गेला. ती त्याची होकार द्यायची पद्धत.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर आम्ही चौघं. कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर चष्मे, समोर मातीचा उंच बांध आणि त्याच्यापुढे कागदी निशाणं. आधी महागडी. डोरीनबाईंनी ती खांद्याला लावली, श्वास सोडला आणि चाप दाबला. बरोबर मधे! केनने हवेत मूठ फेकली. कडी अलगद खाली गेली, अलगद वर आली. दुसरी गोळीही मधे. तिसरी जरा खाली. चौथी आणखी खाली. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. त्या जाड, जड नळीच्या भाराने तो थरथरायला लागला होता. पाचवी गोळी निशाणाच्या खाली मातीत गेली.

"उन्हाचा त्रास होतोय," केन म्हणाला.

मग स्वस्त. ती हलकी, खांद्यावर लगेच बसली. पहिली गोळी मधे. डोरीनबाईंनी कडी ओढली, खरखर आवाज आला आणि कडी पूर्ण खाली जायच्या आतच त्यांची बोटं थांबली. सांधेदुखीने सुजलेली बोटं ती. कडी वर दाबली तर काडतूस आडवं अडकलं. वॉल्टरने ते काढून दिलं. पुन्हा गोळी, पुन्हा खरखर, पुन्हा अडकलं.

केनने कानावरचे मफ काढले. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हता. तो आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मॉम, कॉन्डोच्या खिडकीतून नदी दिसते."

डोरीनबाईंनी रायफल बाकावर ठेवली आणि त्या गाडीकडे चालायला लागल्या.

माझ्याच्याने राहवेना. मी ती रायफल उचलली, रिकामी आहे हे पाहिलं आणि कडी सावकाश खाली ओढली. कुठे अडतंय ते बोटांना कळत होतं. सुरुवातीला मोकळी, मधे एका ठिकाणी दातरी धार घासल्यासारखी, मग पुन्हा मोकळी. पुन्हा ओढली. त्याच जागी. बाबांच्या दुकानात नव्या स्वस्त मशिनींचं चाक असंच एका जागी जड जायचं, आणि बाबा तेवढीच जागा घासून काढायचे.

"वॉल्टर," मी ओरडलेच, "ही सगळी जड नाहीये! एकाच ठिकाणी अडतेय! आणि ही हलकी आहे, त्यांच्या हाताला पेलतेय!"

वॉल्टरने रायफल माझ्या हातातून घेतली, डोळे मिटून कडी दोनदा खाली-वर केली आणि गाडीच्या दिशेने हाक मारली, "डोरीन! एक आठवडा दे मला."

तो आठवडा माझ्या नोकरीतला सगळ्यात धमाल आठवडा. सीझनची गर्दी काउंटरवर आणि जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत. भिंतीवरची तशीच नवी स्वस्त रायफल डोरीनबाईंच्या नावाने बाजूला काढली होती; तीही नेमकी त्याच जागी अडत होती. वॉल्टरने ती खोलली आणि कडीच्या सांध्याजवळचा तो खरखरीत भाग मला भिंगाखाली दाखवला. बारीक दगडाने, तेल लावून, हळूहळू तो घासायचा. जरा घासला की जोडून बघायचं, पुन्हा खोलायचं. चापाच्या भागाला मात्र तो मला हात लावू देत नसे. "तिथे चूक झाली तर माणूस मरतो," एवढंच म्हणायचा. काडतुसं भरायच्या झडपेची धार अंगठा कापत होती, ती आम्ही बोथट केली. तिची स्प्रिंग नरम घातली. डोरीनबाईंचे हात आखूड म्हणून दस्ता थोडा कापला आणि मागे जाड रबर लावलं. कडीभोवती मऊ चामडं गुंडाळायची कल्पना माझी. ते मी घरी नेऊन आमच्या सोफ्यावर बसून शिवलं. माझी लेक शाळेतून आली, बघितलं आणि म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट टेल माय फ्रेंड्स." मग जवळ बसून दोरा ओवून दिला.

पुढच्या रविवारी, केन कामावर परतायच्या आधी, आम्ही पुन्हा चौघं रेंजवर. डोरीनबाईंनी कडी नुसती एकदा खाली-वर करून बघितली. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी काडतुसं भरली. एकेक करून. अंगठा कापला नाही. पहिली गोळी मधे. कडी. दुसरी. कडी. तिसरी. एकही अडकलं नाही! रिकामी काडतुसं टणाटण उडत होती आणि माझ्या नकळत मी टाळ्या वाजवत होते. कानावर मफ असल्यामुळे मलाच त्या ऐकू येत नव्हत्या. शेवटची गोळीही निशाणाच्या काळ्या वर्तुळात.

डोरीनबाईंनी रायफल उघडी करून बाकावर ठेवली आणि लेकाकडे वळल्या. "बोल."

केनने निशाणावरची भोकं मोजली. मग माझ्याकडे वळून जरा ओशाळं हसला. "ती महागडी अजून आहे का? माझ्यासाठी?"

तेव्हा कळलं की गडी त्या अक्रोडाच्या लाकडाच्या प्रेमात पडला होता, आणि ते आईच्या नावावर खपवत होता! मला त्याची थट्टा करावीशी वाटली नाही. सुंदर वस्तू हवीशी वाटणं हा काही गुन्हा नाही आणि ती रायफल खरंच सुंदर होती. त्यानंतर कुणीही महाग की स्वस्त असं विचारलं की मी दोन्ही हातात द्यायचे आणि म्हणायचे, कुणाच्या हातात राहणार आहे ते आधी सांगा. काही जण वैतागायचे. आता वाईट वाटतं ते एवढंच की ते दुकान राहिलं नाही. वॉल्टरने निवृत्त होऊन ते विकलं, तिथे आता गाद्या मिळतात. लोक घरबसल्या चित्रं बघून रायफल ठरवतात. कडीतली खरखर चित्रात दिसत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी डोरीनबाईंचा दुकानात फोन आला. "सनी," त्या मला सनी म्हणायच्या, "क्रॅनबेरी पिकल्यात. नवऱ्याला घेऊन ये." केनचा सुट्टीचा आठवडा होता. आम्ही गेलो. पिवळ्याजर्द झालेल्या झाडांमधून रस्ता, मग खडी, मग नुसती चाकोरी आणि शेवटी ते तळं. मी घर बघितलं आणि एलेव्हेटरचं नाव त्या बाईने तसं का उच्चारलं ते समजलं.

मिलिंद धक्क्यावर गळ टाकून बसला. आम्ही तिघं बादल्या घेऊन काठाकाठाने निघालो. डोरीनबाईंच्या खांद्याला त्यांची रायफल. केनची महागडी घरी ब्लँकेटमध्ये गुंडाळून, कुलूप लावून ठेवलेली. ओल लागली असती ना लाकडाला.

बेरी गुडघ्याइतक्याही उंचीवर नसतात. आम्ही उकिडवे बसून वेचत होतो. केन मला त्याच्या कामावरच्या गमती सांगत होता. एकदम त्याचा आवाज थांबला. मी मान वर केली. समोरच्या झुडपांतून अस्वलीण बाहेर आली होती. आमच्या घरातली बैठकीची खोली असते तेवढ्या अंतरावर. मी सिनेमात पाहिलेलं अस्वल आणि हे अस्वल यांत एक फरक होता, हिचा श्वास ऐकू येत होता. तिने जबडा दोनदा वाजवला, पुढचे पाय जमिनीवर आपटले आणि आमच्याकडे झेपावून मधेच थांबली.

"पळू नका," डोरीनबाई शांतपणे म्हणाल्या. "सनी, माझ्या मागे ये. हळू."

मी सरकले. केन दोन्ही हात पसरून त्यांच्या बाजूला उभा राहिला. हातात बेरीची बादली. अस्वलीण पुन्हा झेपावली, या वेळी आणखी जवळ. डोरीनबाईंनी रायफल खांद्याला लावली आणि तिच्या पायांपुढच्या ओल्या चिखलात गोळी झाडली. चिखल उडाला. आवाज तळ्यावरून फिरून परत आला. आणि त्याच क्षणी कडी खाली गेली, वर आली, पूर्ण, न अडखळता. दुसरी गोळी तयार. आता नळी थेट अस्वलिणीवर होती.

ती उभी होती. आम्ही उभे होतो. माझ्या डोक्यात एकच होतं, ती घासलेली जागा, ती घासलेली जागा.

मग अस्वलिणीने फुसकारा टाकला, वळली आणि झुडपं मोडत धावत सुटली. बराच वेळ फांद्या मोडल्याचे आवाज दूर दूर जात राहिले.

मी मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. थांबेचना. केनचा चेहरा पांढरा पडला होता. तो आईला म्हणाला, "मॉम, तुझे विंटर टायर या वेळी मी लवकर येऊन बदलून देईन. इकडे बर्फ आधी पडतो."

"बरं," डोरीनबाई म्हणाल्या. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. "अर्धी रिकामी आहे. पलीकडच्या काठाला चांगल्या आहेत."

"मॉम, आत्ता?"

"आत्ता ती तिकडे नाही, हे तर नक्की माहीत आहे."

त्यांनी कडी उघडून काडतूस बाहेर काढलं, खिशात टाकलं. मग आत उरलेली काढली. रिकामी, उघडी रायफल त्यांनी माझ्यापुढे धरली आणि दुसऱ्या हाताने मूठभर काडतुसं.

"माझा खांदा आता दुखेल. लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

"आहे, पण मी फक्त..."

"मग भर. आणि पुढे चाल."

हजारदा मी काउंटरवरून रायफल दुसऱ्याच्या हातात दिली असेल. रानात कुणी ती माझ्या हातात पहिल्यांदाच देत होतं. मी आत बघितलं, काडतुसं एकेक करून झडपेतून सरकवली, कडी बंद केली, मागचा घोडा अंगठ्याने धरून अलगद उतरवला. पट्टा खांद्यावर घेतला. दस्ता मलाही बरोबर बसत होता.

माझ्यामागे डोरीनबाई, त्यांच्यामागे दोन्ही बादल्या घेऊन केन. मी पलीकडच्या काठाकडे पहिलं पाऊल टाकलं.